नंबर कोन बदलतंय

रविवार, ५ जानेवारी

रोहिदास वायरवाला आज आला आन टेबलावरचा काळा राउटर बगून त्याचं तोंडच उतरलं. बाकी कुनाच्या ध्यानात आलं न्हाई. म्या दाराआडनं बगितलं.

"हे कुठनं आनलं?" त्यानं दादाला इचारलं.

"पुन्यास्नं. तापकीर गल्लीतनं."

"आन आमच्या नेट कंपनीचा डबा काय वाईट हाय?"

"हिचं ऑफिसचं काम चालू झालं की लटकतोय तुझा डबा. आतल्या खोलीत तर येतच न्हाई."

"बाहेरचा राउटर आमच्या लाईनीवर लगीच चालत नसतो, हनुमंतराव. नवी शेळी कळपात सोडावी तसं असतंय. जुन्या धडका देत्यात."

"मंग तू धडका थांबीव की."

"बगू," म्हनला. अर्धा चहा तसाच ठिवला आन गेला. अर्धा चहा ठिवनारा मानूस मला पटत न्हाई.

हे लिहून ठिवायचं कारन हाय. ह्या राउटरवर लई अडकलंय. दादा आन प्रगतीवैनी धनकवडीत ऱ्हायचे. दादाला कंपनीतलं काम सोडून हितं वाडीवर आबांसंगं शेरडं वाढवायची हायेत. वैनी म्हनली, माझं काम घरातून आहे, नेट चाललं तर माझं काही म्हणणं नाही. आबांनी तेवढ्यावर सोडलं न्हाई. चंपाषष्ठीला सगळ्यास्नी भैरवनाथाच्या देवळात नेलं, वैनीच्या हातावर बेल आन भंडारा ठिवला, आन वैनीनं देवाम्होरं शब्द दिला. नेट नीट चाललं तर हितंच राहीन, नाही चाललं तर दोघं पुण्याला परत. दादानं बी तसाच शब्द दिला. जानेवारी सरंपत्तूर बगायचं ठरलं.

बेलभंडारा उचलून दिलेला शब्द आमच्यात कुनी मोडत न्हाई. खालच्या आळीत एकानं मोडला व्हता. त्याचं नाव अजून पोरांस्नी शिव्या द्यायला वापरत्यात.

वैनी गेली तर माझं काय? म्या नववीतनं शाळा सोडली. वर्गात उभं करून वाचायला लावायचे, माझा घसा बंद व्हायचा, मागची पोरं शेरडावानी ब्यां करायची. घरी म्हनले, मी शेरडांमागं जाते. कुनी लई इचारलं बी न्हाई. वैनी आली तवापासनं माझ्या तोंडातनं शब्द निघत्यात. तिच्याम्होरं निघत्यात, बाकी कुनाम्होरं न्हाई. म्हनून राउटर चाललाच पायजे.


बुधवार, ८ जानेवारी

दोन दिस मोबाईलवर व्हिडिओ बगितले. शेरडं चरत्यात आन मी टेकाडावर रेंज असती तितं बसते. आता मला कळलं कसं असतं ते.

कंपनीच्या पांढऱ्या डब्याला नुसतं वाटाड्या करायचं. वायर त्याच्यात यील, पन नेट त्यो स्वता चालवनार न्हाई, काळ्याकडं ढकलनार. काळ्या राउटरनं कंपनीला तीन गोष्टी सांगायच्या. नाव, पासवर्ड आन एक नंबर. कंपनीच्या वायरीतनं लई वाटा जात्यात, फोनची येगळी, टीव्हीची येगळी. नेटची वाट कंची ते त्या नंबरावरनं कळतं. आन वर कंपनीनं नवा राउटर आपल्या कॉम्प्युटरात चढवायचा, न्हाईतर ते जुन्यालाच वळखतंय.

तिनी गोष्टी रोहिदासकडं. दादानं फोन केला तर म्हनला, "पासवर्ड असा फोनवर द्यायचा नसतो. उद्या येतो." काल बी उद्याच म्हनला व्हता.

त्यात ठकुबाई, म्हंजी शेजारची, आईला सांगून गेली की रोहिदासला वेल्ह्यात बसून मोबाईलवर दिसतंय कुनाचा डबा चालू हाय आन कुनाचा बंद. तिच्या पुतण्याला म्हनला म्हने, तुमचं रातभर चालू असतंय, झोपता का न्हाई? मला कसंतरीच झालं. डबा चालू दिसतोय तर अजून काय काय दिसत असंल? म्या उठले आन पांढऱ्या डब्यावर डालगं पालथं घातलं.

आई चुलीपासनं म्हनली, "मोहने, कोंबडी डालली का काय तितं?"

वैनी एवढी हसली की तिच्या डोळ्यातनं पानी आलं. डबा गरम झाला म्हनून डालगं काडावं लागलं.

नंतर वैनी माझ्या शेजारी बसली. "एवढं कशाला करतेस गं? नाही झालं तर नाही."

"हुईल," म्या म्हनले.

तिनं डालगं भिंतीकडं सरकावलं. मंग म्हनली, "वेल्ह्यावरून पुण्याची शेवटची एसटी कधी असते?"

तिचा भाऊ यायचा असंल.


शनिवार, ११ जानेवारी

झालं! चाललं!

रोहिदास सकाळी आला. वर लाईनीवर वानरं उड्या मारत्यात, वायर तुटली व्हती, दोन दिस खांबावरच व्हतो म्हनला. खरं खोटं देवाला ठावं. त्यानं पांढऱ्या डब्याचं काम करून दिलं, कुनाला तरी फोन लावून आमचा काळा राउटर कंपनीत चढवला, आन नाव-पासवर्ड सांगितला. नंबर दोनशे चार. टाईप म्या केलं. त्यो माझ्या पाठीमागं उभा राहून बगत व्हता, तवा माझी बोटं चुकत व्हती.

राउटरचं आतलं पान उगडायला एक पासवर्ड लागतोय, त्यो आपला आपन ठरवायचा. वैनी म्हनली, "तो मी ठरवते." तिनं अवघड ठरवला, माझ्या कानात सांगितला. आमी दोघीस्नीच ठावं.

आतल्या खोलीत सुदीक नेट पळायला लागलं. दादानं शिट्टीच मारली. आईनं सगळ्यांच्या हातावर गूळ ठिवला, रोहिदासच्या बी ठिवला.

जाताना रोहिदास दादाला म्हनला, "आता माझी हद्द पांढऱ्या डब्यापत्तूर. काळ्यात काय झालं तर मला दिसत न्हाई आन माझ्या हातात बी न्हाई. ते तुमचं घर."

एवढं ठासून कशाला सांगितलं? ज्याला काय करायचं नसतं त्यो असं सांगत न्हाई.

वैनीचं डोकं दुखत व्हतं. गूळ तिनं हातातच धरला, चिकट झाला तरी धरून बसली. मंग मला इचारलं, "हा नंबर चुकला तर काय होतं?"

मला लई बरं वाटलं तिनं इचारलं म्हनून. म्या सगळं समजावून सांगितलं. नंबर चुकला की राउटर चालू दिसतोय, दिवे लागत्यात, वायफाय बी दिसतंय, पन नेट येत न्हाई. कुनाला कळत बी न्हाई काय झालंय.

"हुशार आहेस तू," वैनी म्हनली.


मंगळवार, १४ जानेवारी

संक्रांत. सांजच्याला मी शेरडं घिऊन आले तर घरात सुतक असल्यागत. वैनीचं काम चालू असताना नेट गेलं. दिवे सगळे लागल्यालं. दादा राउटरला थापडा मारत व्हता.

म्या पान उगडून बगितलं. नंबर दोनशे चाळीस. म्या हात धुऊन परत बगितलं. दोनशे चाळीसच. आपोआप बदललं असंल का म्याच चुकून हात लावला? दोनशे चार केलं, नेट आलं. दादानं माझ्या डोस्क्यावर टपली मारली, "नीट ध्यान ठिवत जा की गं!" मला रडू आलं. म्या चुकले नव्हते.

वैनी मधी पडली. "तिला कशाला बोलता? मशीन आहे, चालायचंच." तिनं माझ्यासाठी तिळाच्या वड्या राखून ठिवल्या व्हत्या. मायाळू हाय वैनी.

सकाळी तिच्या ब्यागा बगितल्या. एक मोठी ब्याग अजून भरल्यालीच हाय, खाटंखाली. म्या म्हनले, कपाटात लावून दिऊ का? तर म्हनली, असू दे, जड कपडे आहेत त्यात. हितं थंडी वाढली की तिला लागतील.


शनिवार, १८ जानेवारी

परत झालं! परत दोनशे चाळीस!

आता माझा काय दोष न्हाई. म्या चार दिस त्या पानाकडं गेले बी न्हाई. आन ध्यानात ठिवायची गोष्ट म्हंजी रोहिदास आज दुपारी आमच्या वाडीखालच्या खांबावर चढला व्हता. म्या टेकाडावरनं डोळ्यानं बगितलं. त्यो चढला, वायरीत कायतरी केलं, उतरला, आन सांजच्याला नेट गेलं. म्हंजी त्यानं त्या दिशी माझ्या पाठीमागं उभं राहून राउटरचा पासवर्ड बगितला. बगतच व्हता की त्यो! आमी कंपनीचा डबा बाजूला केला ह्याचा राग.

दादाला म्या हे सगळं सांगितलं. एवढं सलग म्या दादाशी कंदी बोलले नव्हते. त्यो आदी माझ्याकडंच बगत राह्यला, मंग लाल झाला. "खांबावरनं उतरवतो त्याला. कायमचा."

"भांडण नको," वैनी म्हनली. ती पीठ मळत व्हती. "कुणाचं नाव नका घेऊ. नाही चालत तर नाही चालत."

"तुला काय वाटतंय का न्हाई गं? तुझं काम जातंय!"

"ऑफिसमधून आज बोलले मला. असंच होत राहिलं तर पुण्याला ऑफिसात येऊन बसा म्हणाले."

हे ती किती शांतपनी बोलली. मी असते तर रडले असते. तिला आमच्या जिवाला घोर लावायचा नसतो, म्हनून अशी बोलती.

सांजचं आई तिला म्हनली, "दार कशाला लावती गं खोलीचं?" वैनी म्हनली, "मीटिंग आहे आई." आई म्हनली, "मीटिंग व्हय? बरं बरं," आन दार उगडं ठिवून गेली. ठकुबाई आन तिच्या सुना येऊन लॅपटॉपकडं बगत बसल्या. एकीनं इचारलं, पलीकडची मानसं आपल्याला बगत्यात का? वैनी मधीच उठून गोठ्यामागं गेली. मला वाटलं थुकायला गेली. लई येळानं आली, डोळे धुऊन.


बुधवार, २२ जानेवारी

लई वंगाळ झालं. काल परत नेट गेलं. आज दादानं वेल्ह्याच्या रस्त्यावर रोहिदासची गाडी आडवली. दादासंगं आबा व्हते म्हनून हात उचलायचा राह्यला. घरी आल्यावर आबांनी सगळं सांगितलं.

दादा म्हनला, "आमच्या राउटरात कशाला हात घालतोस?"

रोहिदास म्हनला, "म्या तुमच्या दारात तीनदा आलोय. वानरं माझी वायर तोडत्यात आन तुमी माझी इज्जत. त्या काळ्याचा पासवर्ड तुमचा. मला ठावं बी न्हाई. बाहेरनं त्याच्यात जाताच येत न्हाई, म्हनून तर मानसं त्यो घेत्यात!"

"चोर असाच बोलतोय."

"तोंड सांभाळा, हनुमंतराव. माझ्या बी घरी बायका-पोरं हायेत, त्यांच्या कानावर हे जाईल."

आबा मधी पडले. रविवारी भैरवनाथाच्या देवळात यायचं आन बेलभंडारा उचलून सांगायचं की म्या नंबर बदलला न्हाई. रोहिदास म्हनला, उचलतो. लगीच म्हनला. गाडी चालू केली आन गेला.

लगीच कसा म्हनला? खोटा असता तर कायतरी कारन काडलं असतं. पन मंग नंबर कोन बदलतंय?

न्हाई, त्योच हाय. काई मानसांस्नी देवाचं बी भ्या नसतं.

वैनी जेवली न्हाई.


शुक्रवार, २४ जानेवारी

म्या एक डाव टाकलाय. काल राउटरच्या पानाचा पासवर्डच बदलला. आपल्या चांदी शेळीचं नाव आन म्होरं आकडे. कुनाला सांगितलं न्हाई, दादाला बी न्हाई, वैनीला बी न्हाई. आता रोहिदास कसा आत जातोय बगते. त्याला जुना ठावं, नवा न्हाई.

आज दिसभर नेट झकास.

सांजच्याला मी शेळ्यांस्नी पानी दाखवत व्हते तवा वैनी आली. म्हनली, "मोहिनी, पासवर्ड बदललास का राउटरचा?"

म्या म्हनले, "व्हय. रोहिदास आत येऊ नये म्हनून."

"बरं केलंस," ती म्हनली.  चांदीच्या पाठीवरनं हात फिरवला. तिला शेरडांचा वास सोसत न्हाई, कंदी हात लावत न्हाई ती. आन मंग आत गेली.


शनिवार, २५ जानेवारी

तिला कसं कळलं?

पासवर्ड बदललाय हे आत जायला गेल्याबिगर कळत न्हाई.

आज टेकाडावर बसले आन एकदम डोक्यात आलं, आन मी उठून उभीच राह्यले. शेरडं कुनाच्या तरी हरभऱ्यात शिरली, म्हातारी शिव्या देत व्हती ते मागनं ध्यानात आलं.

मंग सगळंच आठवायला लागलं. शेवटची एसटी. खाटंखालची ब्याग. नंबर चुकला तर काय होतं. हुशार आहेस तू. मी हुशार! म्याच शिकवलं तिला. आन रोहिदासचं नाव बी म्याच घेतलं. त्यो खांबावर चढला ते म्या बगितलं, घरात काय चाललंय ते बगितलं न्हाई.

मला वैनीचा एवढा राग आला. शब्द दिला व्हता की. ऱ्हायचं नव्हतं तर तवाच सांगायचं. पन चंपाषष्ठीला ती देवळात कशी उभी व्हती ते आता दिसतंय. सगळी वाडी भोवती. आबांनी हात धरून भंडारा ठिवल्याला. म्या तिच्या जागी असते तर माझ्या बी तोंडातनं "न्हाई" निघालं नसतं. मला तर साधी कविता वाचता येत नव्हती.

दादाला सांगायला पायजे. सांगितलं तर दादा काय करील? आबा काय करतील? आन वैनी हितं राहील ती कशी राहील?

दिवेलागणीला तिनं माझी वेणी घातली.  ती पाठीमागनं म्हनली, "उद्या घरातल्या सगळ्यांना उचलायला लागतो का गं, बेलभंडारा?"

म्या मान हालवली. ठावं न्हाई, असं. माझ्या मानेला तिची बोटं लागली, गार पडली व्हती.


रविवार, २६ जानेवारी

आज काय झालं ते सगळं लिहिते.

सकाळी शाळेत झेंडा झाला. तितनं मानसं सरळ देवळात आली, पोरांच्या हातात अजून जिलबी. आबा, दादा, आई, वैनी, मी. रोहिदास एकटाच आल्याला, धुतल्याला सदरा घालून. आबांनी ताटात बेल ठिवला, भंडारा ठिवला.

रोहिदास म्होरं झाला. म्हनला, "आबा, मी उचलतो. माझ्या मनात काय न्हाई. पन माझं एक आयका. नंबर बाहेरनं बदलत न्हाई. म्हंजी आतनं बदलतोय. म्या उचलल्यावर तुमच्या घरातल्या परतेकानं उचलायचा."

दादा म्हनला, "आमच्यावर आळ घेतोस व्हय रं?"

"तुमी माझ्यावर घेतला तवा गोड लागला."

मागनं कोनतरी हसलं. आबांनी हात वर केला. "बरोबर बोलतोय त्यो. सगळ्यांनी उचलायचा. आदी रोहिदास, मंग हनुमंता, मंग सूनबाई."

म्या वैनीकडं बगितलं. तिनं पदर दोनी हातानं धरला व्हता. ती खोटं बोलनार नव्हती, हे मला तिच्याकडं बगून कळलं. देवाम्होरं एकदा बोलली तर सगळं बोलनार व्हती. त्या सगळ्या मानसांत, जिलबी खानाऱ्या पोरांत. दादाच्या तोंडावर.

रोहिदासनं हात म्होरं केला.

"थांबा," म्या म्हनले.

माझाच आवाज मला कुनाचा तरी वाटला. सगळी मानसं वळली. घसा बंद व्हायला लागला. मागनं एका पोरानं ब्यां केलं, हितं बी. म्या पायाकडं बगितलं आन बोलले.

"कुनी नंबर बदलत न्हाई. कंपनीच बदलती. मी व्हिडिओत बगितलंय. बाहेरचा राउटर लाईनीवर दिसला की कंपनीचा कॉम्प्युटर दोन-चार दिसांनी त्याला बाहेर टाकतोय, आन नंबर बिगडतोय. परत घातला तरी परत बिगडनार. रोहिदासभाऊंचा दोष न्हाई. म्या उगं त्यांचं नाव घेतलं. माझं चुकलं. घरातल्या बी कुनाचा दोष न्हाई. ह्यो राउटर ह्या लाईनीवर चालनारच न्हाई."

असं काय नसतंय. व्हिडिओत कुनीबी असं सांगितलं न्हाई. देवळात कुनाला ते कळनारं बी नव्हतं, एक मानूस सोडून.

त्यो एक मानूस माझ्याकडं बगत व्हता. म्या त्याच्यावर आळ घातला व्हता, सगळ्या वाडीत त्याला चोर केला व्हता. त्यानं नुसतं "खोटं बोलती" म्हटलं असतं तरी झालं असतं. त्याची नजर माझ्यावरनं वैनीच्या पदरावर गेली, दोनी हातानं धरल्याला त्यो पदर, आन तितनं परत माझ्यावर आली.

म्होरं केल्याला हात त्यानं मागं घेतला आन खिशात घातला. मंग बोलला.

"पोरगी बरोबर सांगतीया," त्यो म्हनला. "म्या पयल्याच दिशी म्हनलो व्हतो, बाहेरचं चालायचं न्हाई. आयकतंय कोन?"

"आन कंपनीचा डबा?" दादाचा आवाज बसला व्हता.

"त्याच्यावर फोनबीन चालतील. वैनींच्या कामाला पुरायचा न्हाई त्यो. तुमीच म्हनला व्हता, लटकतोय म्हनून."

आबांनी ताटातला बेल उचलून देवाच्या पायावर ठिवला.  मंग आबा म्हनले, "शब्द तो शब्द. न्हाई चाललं तर पुन्याला, असं ठरलं व्हतं." दादा देवळाबाहेर जाऊन पायरीवर बसला, त्याची पाठ हालत व्हती. आई रडत व्हती, पन म्हनत व्हती, "माझी मोहनी बोलली गं. चारचौघात बोलली." काय कळना आई कशासाठी रडती.

रोहिदासनं गाडीला किक मारली. मी जवळच उभी व्हते.

"मला चोर केलंस ते इसरायला येळ लागंल," त्यो म्हनला.

म्या मान खाली घातली.

"सांजच्याला डबा पयल्यावानी करून देतो. आन त्ये कंपनीचा कॉम्प्युटर नंबर बिगडवतोय वगैरे," त्यो हसला न्हाई, पन मिशी हालली, "दुसऱ्या कुनाम्होरं सांगू नको. हसतील तुला."


मंगळवार, २८ जानेवारी

ब्यागा भरून झाल्या. म्हंजी एकच भरायची व्हती.

वैनी चुलीपाशी आली, आई भायेर असताना. म्हनली, "तुला कधी कळलं?"

"काय?" म्या इचारलं.

तिनं माझ्याकडं लई बगितलं. तिचे डोळे भरले.  म्या भाकरी उलटली. तिच्याम्होरं माझ्या तोंडातनं शब्द निघत्यात असं म्या लिहिलं व्हतं. आज एकच काडला, त्यो बी खोटा.

मला तिचा राग गेल्याला न्हाई. हे बी खरं लिहिते.


शनिवार, १ फेब्रुवारी

ते गेले. टेम्पोत पुडं बसले, वैनी खिडकीशी. आबा आले न्हाईत सोडायला, शेरडं घिऊन लवकरच गेले. दादानं काळा राउटर काडून पिशवीत घातला. त्याच्या जागी भिंतीवर दोन भोकं राह्यली.

वळणावर टेम्पो दिसंनासा झाला तरी आई हात हालवत व्हती.


बुधवार, ५ फेब्रुवारी

दादाचा व्हिडिओ फोन आला. पांढऱ्या डब्याजवळ बसलं की नीट चालतंय. आई, आबा, मी, तिघं एका मोबाईलात डोकं घालून.

दादा थकल्यावानी दिसला. कंपनीत परत घेतलं म्हनला, रात्रपाळी हाय. आबांस्नी इचारलं, चांदी व्याली का? आबा म्हनले, व्याली, दोन झाली. 

मंग दादा एकदम म्हनला, "मोहने, त्यो काळा राउटर हितं लावला. एका झटक्यात चालू झाला बग. चार दिस झालं, एकदा बी नंबर हालला न्हाई. मंग तितंच काय झालं व्हतं गं त्याला?"

त्याच्या पाठीमागं वैनी ओट्यापाशी व्हती. तिचा हात कढईतच थांबला. आबा माझ्याकडं बगायला लागले. आबा असे कंदीच बगत न्हाईत.

"तितली कंपनी येगळी हाय, दादा," म्या म्हनले. घसा जराबी बंद झाला न्हाई.

"असंल," दादा म्हनला. त्याला पटलं का न्हाई ते कळलं न्हाई.

चित्र लई साफ दिसत व्हतं. वैनीच्या कपाळावरचे केस दिसत व्हते, ओट्यावरची कोथिंबीर दिसत व्हती. खोलीचं दार लावल्यालं दिसत व्हतं. ती कढईतलं हालवायला लागली. मंग जरा वळली आन माझ्याकडं बगून हसली. घाबरून न्हाई, आमचं मन राखायला बी न्हाई. अशी हसताना म्या तिला हितं कंदीच बगितलं नव्हतं.

म्या मोबाईल आईच्या हातात दिला आन शेरडं सोडायला गेले.